पोह्यांच्या डब्यातला नंबर

"चष्मा काढ आधी," मालूआत्या ताईला म्हणाली, "आन् पाव्हणं जाईस्तवर त्येचं नाव काढायचं न्हाई."

ताई आरशासमोर बसून वेणी घालत होती. "आत्या, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"तुला काय बघायचंय? बघायला तर ती येणार हायती."

आत्यानं स्वतःच चष्मा ताईच्या नाकावरून उचलला, इकडंतिकडं बघितलं आणि ओट्यावरच्या पोह्यांच्या डब्यात टाकून झाकण दाबलं. बरेचसे पोहे आईनं भिजवून परातीत पसरले होते, डब्यात तळाला थोडे उरले होते. मग आत्या माझ्याकडं वळली. "उजे, ह्यो डबा तुझ्या ताब्यात. कुणाचा हात लागाय न्हाई पायजे."

मी तेव्हा नववीत होते आणि असल्या कामगिऱ्या मला फार आवडायच्या. मी डबा उचलून पोटाशी धरला.

"वन्सं, असू दे की चष्मा," आई कांदा चिरता चिरता म्हणाली. "आज ना उद्या कळायचंच."

"उद्या कळू दे. आज न्हाई. वैनी, त्या चष्म्यापायी आधीची ठिकाणं गेली, ध्यानात हाय न्हवं? शिकलेली पायजे म्हणत्यात आन् चष्मा बघितला की पत्रिका जमत न्हाई म्हणत्यात." आत्यानं ताईची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. "बघ, कशी दिसती! असा मुखडा झाकून ठेवाय लागलीस व्हय गं?"

आई पुन्हा कांद्याकडं वळली. आत्या अण्णांची थोरली बहीण, त्यामुळं आमच्या घरात तिच्यापुढं कुणाचंच चालत नसे. अण्णांचंही नाही.

आम्ही साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. अण्णा कारखान्यात टाइमकीपर होते. माणसं ते टोकन नंबरानं ओळखायचे. जेवताना सहज सांगायचे, "चारशे बाराच्या मुलीचं जमलं बरं का," आणि आम्हाला कळायचं की बॉयलरवरच्या पवारांकडं बुंदी पडणार. क्वार्टरला नंबर होता. उसाच्या गाड्या काट्यावर नंबरानं जायच्या. नळाला पाणी यायच्या आधी हंडा ठेवून नंबर लावायचा आणि कुणी तो हंडा सरकवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. दवाखान्यातला फोन हा आख्ख्या वसाहतीचा पी.पी. नंबर, सगळ्यांचे निरोप तिथंच यायचे. माझा वर्गात कितवा नंबर आला हे तर सगळ्या गल्लीला माझ्याआधी कळायचं. शाळेत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं, 'नंबर म्हणजे संख्या,' तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. हा शब्द इंग्रजी आहे हीच आम्हाला नवी बातमी होती आणि सरांचा अर्थ तर आमच्या कुठल्याच नंबराला लागत नव्हता.

मी घरी येऊन ताईला हे सांगितलं. ती तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. तिनं तिची जाडजूड डिक्शनरी उघडली, बोट फिरवत वाचलं आणि म्हणाली, "उजे, ह्यांच्यापेक्षा आपल्याकडं जास्त आहेत गं!"

तेव्हापासून तो आमचा नळावरचा खेळ झाला. हंडे नंबराला लावून कट्ट्यावर बसायचं. एकीनं नंबराचा एक अर्थ सांगायचा, दुसरीनं निराळा. जिला सुचणार नाही तिनं भरलेला हंडा घरी न्यायचा. ताई 'नंबर दोनचा पैसा' म्हणाली की मी म्हणायची 'एक नंबर भेळ.' ती म्हणायची, 'मावशीचा बाळू नंबरी आहे.' मी एकदा 'बाईंनी विचारलं, एक नंबरला जायचंय की दोन नंबरला?' असं म्हणाले, तेव्हा ताई इतकी हसली की तिचा चष्मा मोरीत पडला. चष्म्याचा नंबर मात्र ती कधीच सांगायची नाही. हरायची वेळ आली तरी नाही. सरळ हंडा उचलायची. त्या नंबरापायी बघायला आलेली ठिकाणं दारातून परत गेली होती, त्यामुळं तो खेळात नको असेल. हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण मीही तो अर्थ कधी वापरला नाही.

तर त्या दिवशी आत्यानं ताईची रंगीत तालीम घेतली. उंबऱ्यातून सरळ जायचं. गुडघ्याला टेबल लागलं की ट्रे ठेवायचा. हाताची खुर्ची दाराशी, तिच्यावर मुलगा. पलीकडं साध्या खुर्चीवर त्याचा मित्र. कॉटवर मुलाची आई. आधी कॉटकडं वाकून नमस्कार, मग खाली चटईवर बसायचं, मान खाली.

"आन् काय चुकलं तर उजी खोकंल," आत्या म्हणाली.

ताईनं चष्म्याशिवाय दोनदा फेरी मारली. दुसऱ्या फेरीत ती अचानक थांबली, मला म्हणाली, "उजे, आंधळी कोशिंबीरच आहे की ही," आणि हसायला लागली. पण तिचे डोळे भरले होते. मुलगा चांगला होता. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, नाव भास्कर निकम. पत्रिका आधीच जुळली होती. हेही गेलं तर अण्णा पुन्हा सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन गावोगाव फिरणार, हे तिला दिसत होतं. तेवढं दिसायला चष्मा लागत नव्हता.

"अण्णा आले. चहाचं आधण ठेव," आई मध्येच म्हणाली. मी खिडकीतून बघितलं तर वाटेवर कुणीच नव्हतं. मग वळणावरून अण्णा दिसले, मागं पाहुणे. आईला अण्णांच्या चपलेचा आवाज लांबून कळायचा. एक चप्पल टाप वाजायची, एक फरफट. आम्हाला त्याचं मोठं कौतुक होतं.

पाहुणे आले, बसले, पाणी झालं. मी डबा पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत घोटाळा झाला. भास्करराव कारखान्याची चिमणी बघायला खिडकीशी गेले. तेवढ्यात त्यांचे मित्र उठून रिकाम्या झालेल्या हाताच्या खुर्चीत आरामात बसले आणि भास्करराव परत येऊन कॉटवर आईशेजारी टेकले. ताई तेव्हा आत ट्रे उचलत होती.

मी खोकले. जोरात खोकले. आत्यानं माझ्या पाठीत एक धपका दिला. "आत्ताच काय खोकतीस? ती अजून भाईर गेली न्हाई."

ताई गेली. टेबल गुडघ्याला लागलं, ट्रे ठेवला, कॉटकडं वाकून नमस्कार केला, बसली. सगळं बरोबर. भास्कररावांनी नमस्कार आपल्याला झाला असं समजून घाईघाईनं पाय मागं घेतले.

नाव, शिक्षण, भावंडं, स्वयंपाक असे नेहमीचे प्रश्न झाले. मग मुलाची आई म्हणाली, "तुलाबी काय विचारायचं असलं तर विचार गं बाळ. आमच्यात तसलं काही नाही."

आत्यानं ह्याची तालीम घेतली नव्हती. पण ताई मुळात धीट. तिनं मान थोडी वर केली आणि हाताच्या खुर्चीकडं बघून स्वच्छ आवाजात विचारलं, "तुम्हाला धरणावरच राहावं लागतं का? तिथं शाळा आहे का जवळ? मला शिकवायची इच्छा आहे."

मित्रांच्या हातातली पोह्यांची बशी हिंदकळली. "मला विचारताय? मी... मी पोस्टात आहे. साताऱ्याला."

आत्या हसत हसत पुढं झाली. "लाजलीया ओ! आल्यापास्नं मान वर कुटं केलीया पोरीनं!"

सगळेच हसले. मुलाची आई तर खूषच झाली. "असू दे, असू दे. अशीच पाहिजे. हल्लीच्या मुली डोळे फाडून बघतात नुसत्या." अण्णांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. स्थळ हातातून निसटता निसटता राहिलं होतं, उलट जास्तच घट्ट झालं होतं. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या.

तेवढ्यात ती बाई म्हणाली, "बघ गं बाळ त्या कॅलेंडरात, ह्या महिन्यात पौर्णिमा कधी पडतीय. बोलणी करायला यायला बरं पडेल."

कॅलेंडर कॉटच्या वर भिंतीला होतं. जवळ जाऊन बघायचं तर भास्कररावांच्या डोक्यावरून वाकावं लागलं असतं. ताई बसल्या जागेवरून तिकडं बघत राहिली.

"मी सांगते!" म्हणून मी पडद्यातून पुढं आले.

"तू नको. तिला वाचू दे की," ती बाई म्हणाली. आवाज गोडच होता, पण हसू गेलं होतं.

ताईची मान हळूहळू खाली गेली. तिची बोटं चटईची काडी मोडत होती. अण्णा रुमालाची घडी घालत होते, परत उलगडत होते. आत्या नुसतीच पदराचं टोक पिळत होती.

आणि माझ्या मागून आई बाहेर आली. पाहुण्यांसमोर कधी न येणारी माझी आई पदर सावरत खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"तिला तिथनं दिसणार नाही," ती म्हणाली. "तिला नंबर आहे. उजे, ताईचा चष्मा दे."

मी आत्याकडं बघितलं.

"आत्याकडं काय बघतेस? तुला मी सांगतेय."

मी डब्याचं झाकण उघडलं. ते असलं घट्ट बसलं होतं की उघडताना थोडे पोहे मित्रांच्या पँटवर सांडले. मी चष्मा बाहेर काढला. ताईनं तो पदरानं पुसून डोळ्यांवर घातला. एका काचेच्या कडेला एक पोहा चिकटून राहिला होता, तो कुणीच तिला सांगितला नाही. मग तिनं मान वर केली आणि भास्कररावांकडं पहिल्यांदा नीट बघितलं. चांगलं निरखून बघितलं. त्यांनीच मान खाली घातली.

"पौर्णिमा तेवीस तारखेला आहे," ताई म्हणाली.

मुलाची आई उठली. "किती आहे नंबर?"

ताईनं सांगितला. कुठलाही आडपडदा न ठेवता, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा सांगितला.

"बरं. कळवतो आम्ही," ती बाई म्हणाली. अण्णांनी त्यांना कागदावर दवाखान्याचा फोन नंबर लिहून दिला आणि पाहुण्यांना स्टँडवर पोचवायला ते गेले.

दार लागल्यावर आत्यानं आईला धारेवर धरलं. "घालवलंस! हातातोंडाशी आल्यालं स्थळ घालवलंस, वैनी! मी काय वैरीण हुते व्हय तिची? लगीन झाल्यावर घातला असता की चष्मा!"

"नसता घातला," आई म्हणाली.

"का नसता?"

आई खाली बसून सांडलेले पोहे वेचायला लागली. एकेक पोहा अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, त्यातला कचरा काढत होती. तिची ती सवयच होती. मग मान वर न करताच ती म्हणाली, "मला कुठं घालता आला?"

आम्हाला काही कळलं नाही.

"मला बी नंबर होता, वन्सं. सातवीत केंद्रात पहिली आले, तेव्हा मास्तरांनी बाबांना सांगितलं, पोरीला फळा दिसत नाही, तरी पहिली येतीय. बाबांनी मिरजेला नेऊन चष्मा करून आणला होता. तुम्ही लोक बघायला आलात त्या दिवशी आईनं काढून घेतला. म्हणाली, लग्न होऊ दे, मग देते. लग्न झाल्यावर म्हणाली, आता सासरी काय सांगशील? फसवून दिली म्हणतील. राहू दे." तिनं मूठभर पोहे डब्यात टाकले. "राहिलं ते राहिलंच. चोवीस वर्षं."

स्टँडवर गेलं की आई मला दर वेळी म्हणायची, 'वाच बघू कुठल्या गाडीची पाटी आहे,' आणि मला वाटायचं ती माझं वाचन घेतेय. मैदानावर वसाहतीचा सिनेमा असला की ती डोकं दुखतंय म्हणून घरी थांबायची. रस्त्यात कुणी समोरून आलं तरी ओळख द्यायची नाही, म्हणून वसाहतीतल्या बायका तिला शिष्ट म्हणायच्या. मलाही थोडं तसंच वाटायचं. हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं आणि मला रडू फुटलं.

ताई आईजवळ जाऊन बसली. "आई, मग तू सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं?"

"कुणाला सांगू? आधी लाज वाटली. मग सवय झाली. जवळचं दिसतं की मला. तांदूळ, सुई, तुमची तोंडं. बायकांना अजून लांबचं काय बघायचं असतंय?" आई म्हणाली. "पण आज ती तुला कॅलेंडर वाच म्हणाली आणि तू गप्प बसलीस. मला वाटलं, मीच बसलेय तिथं."

अण्णा दारात उभे होते. कधी आले ते आईलासुद्धा कळलं नव्हतं. त्यांनी चपला काढून हातात धरल्या होत्या. भांडण ऐकून आवाज न करता आले असावेत.

"म्हणजे," अण्णांनी चाचरत विचारलं, "मी लांबून येताना... तुला कोण दिसतो?"

"कोणीतरी पांढरं," आई म्हणाली. "चपलेवरून ओळखते."

अण्णांनी हातातल्या चपला हळूच खाली ठेवल्या. आत्या मात्र मटकन कॉटवर बसली. "आमालाबी कसं कळलं न्हाई गं वैनी," एवढंच म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

पाच-सहा दिवसांनी दवाखान्याचा कंपाउंडर निरोप घेऊन आला. निकमांचा फोन होता. पत्रिका जुळत नव्हती. आधी जुळलेली पत्रिका पोह्यांनंतर कशी बिघडते, याचा शोध अजून कुणाला लागलेला नाही. ताई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर मला म्हणाली, "तसा त्या पोस्टातल्याचाच आवाज बरा होता," आणि आम्ही दोघी हसलो. पुढच्याच वर्षी तिचा बी.एड.ला नंबर लागला. तिनं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, लग्नही केलं, चष्मा घालून अंतरपाटासमोर उभी राहिली. आता तीही रिटायर झाली. आई-अण्णा दोघंही राहिले नाहीत. पण मला त्या वर्षातलं सगळ्यात जास्त आठवतं ते आईचा चष्मा आणायला आम्ही मिरजेला गेलो तो दिवस.

तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिपाई आईच्या नावानं ओरडला, "थोरात इंदुमती, तुमचा नंबर!" तेव्हा ताईनं मला कोपर मारलं आणि आम्ही तोंडाला रुमाल लावला. आईला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसली. चष्मा काळ्या काड्यांचा होता, तिच्या नाकाला जरा मोठाच. येताना एस.टी.त तिनं खिडकीची जागा सोडली नाही. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत होती. किराणा भुसार. सायकल भाड्याने मिळेल. येथे थुंकू नये. कारखाना सात किलोमीटर. माणसं वळून बघायला लागली.

"आई, पुरे की," मी म्हणाले.

"गप गं. चोवीस वर्षांच्या पाट्या राहिल्यात."

आम्ही कारखान्याच्या गेटासमोर उतरलो आणि भोंगा झाला. जनरल शिफ्ट सुटली होती. सायकली, डबे, घंट्या, शेकडो माणसांचा एकच कालवा. त्या गर्दीत चपलेचा आवाज ओळखणं कुणालाही शक्य नव्हतं. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून एकेक चेहरा बघत होती.

"ते बघ, आले," ती एकदम म्हणाली. मग तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. "उजे, हे असे चालतात?"

"असे म्हणजे?"

"डावा पाय ओढत. खांदा पाडून."

अण्णा लहानपणी उसाच्या गाडीवरून पडले होते. डावा पाय थोडा आखूड राहिला होता. आम्हाला ते जन्मापासून माहीत होतं, म्हणून कधी कुणी बोललंच नव्हतं. घरातल्या चार पावलांत ते लक्षात येण्यासारखं नव्हतं आणि बाहेर आई नेहमी त्यांच्या मागून चालायची, जमिनीकडं बघत, ठेच लागू नये म्हणून.

"मला वाटायचं चप्पल ओढायची सवयच आहे," आई म्हणाली. "मी कितीदा रागावलेय त्यावरून. नवी चप्पल झिजवता म्हणून."

अण्णा जवळ आले. आईच्या डोळ्यांवरचा चष्मा बघून ते लाजल्यासारखे झाले. त्यांनी उगीच टोपी सारखी केली. "झालं का काम? दिसतंय का नीट?"

"दिसतंय," आई म्हणाली. "तुम्ही जरा परत गेटापर्यंत जाता?"

"का? काही राहिलं का आत?"

"नाही. नुसतं जावा आणि परत या. मी बघते."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. सगळी शिफ्ट बाहेर पडत होती. चारशे बारा, दोनशे सात, सगळे टोकन नंबर नमस्कार करत जात होते. आपले टाइमकीपर हे असलं काही करतील, असं त्यांच्यातल्या कुणाला वाटलं नसतं. अण्णांनी जेवणाचा डबा माझ्या हातात दिला, धोतराचा सोगा सावरला आणि गर्दीच्या उलट दिशेनं, पाय ओढत, खांदा पाडून, सावकाश गेटाकडं चालायला लागले. आई चष्मा नाकावर घट्ट धरून बघत राहिली.